फ्लॅटमधल्या अँटेनाचं अर्थिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅम रेडिओ करणारे (हौस म्हणून रेडिओवरून एकमेकांशी बोलणारे), शॉर्टवेव्ह ऐकणारे आणि नुकताच पहिला सेट घेतलेले असे सगळे फिरून याच प्रश्नांपाशी येतात. मीही आलो होतो, आणि दोन-तीन चुका करूनच बाहेर पडलो. बंगल्यात राहणाऱ्यांसाठी लिहिलेला सल्ला ('खिडकीखाली रॉड ठोका, पट्टी जोडा') वरच्या मजल्यावर तसाच्या तसा उचलला की घोळ होतो. म्हणून हे उत्तर फक्त फ्लॅटवाल्यांसाठी.

मी चौथ्या मजल्यावर राहतो. अँटेनाला अर्थ द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

अर्थ म्हणजे जमिनीशी विजेची जोडणी. पण आधी कोणता अर्थ ते ठरवा. एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळी कामं कोंबतो.

पहिलं काम शॉक लागू न देण्याचं. रेडिओच्या किंवा पॉवर सप्लायच्या आत एखादी फेजची तार सुटून धातूच्या डब्याला टेकली, तर करंट तुमच्या अंगातून न जाता अर्थच्या तारेतून जावा आणि फ्यूज उडावा किंवा ब्रेकर पडावा. हे काम ५० किंवा ६० हर्ट्झचं आहे, आणि ते इमारतीच्या वायरिंगमधली अर्थची तार करते.

दुसरं काम विजेचं, म्हणजे आकाशातल्या. तिथे हजारो अँपिअर काही मायक्रोसेकंदांत वाट शोधत असतात.

तिसरं काम सिग्नलचं. काही अँटेना अर्ध्याच असतात. त्यांना करंट परत यायला उरलेला अर्धा भाग लागतो आणि तो भाग जमिनीने पुरवावा अशी अपेक्षा असते. हे काम लाखो-कोटी हर्ट्झचं आहे.

एकच हिरवी तार ही तिन्ही कामं करील असं वाटतं. जमिनीलगतच्या खोलीत थोडंफार जमतंही. चौथ्या मजल्यावर नाही. तिथे पहिलं काम इमारत करते, दुसरं इमारतीच्या वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या यंत्रणेचं), आणि तिसऱ्यासाठी जमिनीचा नादच सोडून द्यायचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खिडकीतून जाड तार खाली सोडून जमिनीत रॉड ठोकला तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. तीन मजले खाली, साधारण १० मीटर तार, खाली ओल्या मातीत तांब्याचा मुलामा असलेला रॉड. मल्टिमीटर लावून खूश झालो होतो.

खूश होण्याचं कारण असं, की अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या १० मीटर तारेचा रोध जेमतेम ०.०७ ओहम असतो. पण मल्टिमीटर हे डीसीवर सांगतो. रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला तारेचा रोध बाजूला राहतो आणि तिचं इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा तिचा विरोध, बोलायला लागतं. सरळ तारेला मीटरमागे साधारण १ ते दीड मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतं. नुसत्या दोन मीटर तारेचा अडथळा १४ मेगाहर्ट्झला अडीचशे ओहमच्या आसपास जातो. ५० ओहमच्या यंत्रणेत अडीचशे ओहमचा 'अर्थ' म्हणजे अर्थ नव्हेच.

तार लांब झाली की आणखी एक गंमत होते. तिची लांबी तरंगलांबीच्या चौथाईइतकी झाली, की खालच्या टोकाला जमिनीला पक्की जोडलेली तीच तार वरच्या टोकाला जवळजवळ तुटल्यासारखी वागते. ७ मेगाहर्ट्झला चौथाई लांबी सुमारे १० मीटर, म्हणजे बरोबर माझी तार. त्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) पाठवायला लागलो की माइकची जाळी ओठाला चावायची, कीबोर्ड आपोआप अक्षरं टाइप करायचा. बँड बदलून १४ मेगाहर्ट्झवर गेलो की सगळं शांत, कारण तिथे तीच तार अर्ध्या तरंगलांबीची होते आणि खालची जमीन वर जशीच्या तशी 'दिसते'. त्या वेळी मला हे कळलं नव्हतं. मी रॉडभोवती मीठपाणी ओतत बसलो होतो.

शिवाय ती तार नुसती लोंबत नसते. ती अँटेनाचाच भाग होते. खालच्या तिन्ही घरांच्या खिडक्यांवरून जाताना तुमचा सिग्नल त्यांच्या उपकरणांत सोडते आणि त्यांच्या चार्जरांचा, दिव्यांचा गोंगाट गोळा करून तुमच्या रिसीव्हरला आणून देते.

विजेसाठी तरी उपयोग? वीज पडताना करंट मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअर या दराने चढला, तर १० मायक्रोहेन्रीच्या तारेच्या दोन टोकांत एक लाख व्होल्टचा फरक पडतो. म्हणजे खालचं टोक जमिनीला आणि वरचं टोक, तुमच्या टेबलाजवळचं, एक लाख व्होल्टवर. शिवाय हा वेगळा रॉड इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडलेला नसेल, तर दोन अर्थांमधला हा फरक तुमच्या रेडिओच्या आतून वाट काढतो. एका इमारतीतले सगळे अर्थ एकमेकांना जोडलेले असले पाहिजेत, हा अर्थिंगचा मूळ नियम आहे. एकटा रॉड ठोकून तुम्ही नेमका तोच मोडता.

मग भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थ पिनला अँटेनाचा ग्राउंड जोडू का?

तीन पिनांच्या प्लगचा पॉवर सप्लाय असेल तर शॉकपासून बचावाचा अर्थ तुमच्या रेडिओला आधीच मिळालेला आहे. त्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही. सिग्नलसाठी मात्र ती तार वापरू नका. भिंतीतून, मजल्यामजल्यांतून फिरत जाणारी ती तार कुठे किती लांबीची आहे हे कुणालाच माहीत नसतं. इमारतीतल्या प्रत्येक स्विचिंग सप्लायचा, लिफ्टच्या मोटर ड्राइव्हचा कचरा तिच्यावर असतो.

एक धोक्याची गोष्टही आहे. काही वितरण पद्धतींत न्यूट्रल आणि अर्थ इमारतीत शिरताना एकत्र जोडलेले असतात. पुरवठ्याची न्यूट्रल बाहेर कुठे तुटली, तर इमारतीतले अर्थ जोडलेले सगळे धातूचे भाग जमिनीच्या तुलनेत धोक्याच्या व्होल्टेजवर येऊ शकतात. घरात सगळंच एकत्र वर जातं म्हणून जाणवत नाही. पण तुमची अँटेना बाहेर आहे, आणि तिची तार खालच्या ओल्या मातीत उभ्या माणसाच्या हाताशी असेल तर काय होईल ते सांगायला नको. इमारतीत ही पद्धत आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय घरातला अर्थ बाहेरच्या धातूला जोडू नका.

आणि उलटी चूक तर मुळीच नको. घरघर थांबावी म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. घरघर थांबते, हे खरं. पण घरघरीवर उपाय सिग्नलच्या बाजूला करायचा असतो.

रेडिओच्या डब्याला बोट लावलं की मुंग्या येतात. अर्थिंग खराब आहे का?

बहुतेक वेळा अर्थिंग खराब नसतं, ते नसतंच. दोन पिनांचा सप्लाय किंवा लॅपटॉपचा चार्जर बघा. आत फेजपासून आणि न्यूट्रलपासून धातूच्या बाजूला छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट गाळण्यासाठी. अर्थ नसेल तर या दोघांच्या मध्ये टांगलेला डबा अर्ध्या व्होल्टेजवर बसतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर मल्टिमीटर शंभर-सव्वाशेच्या मधलं काहीतरी दाखवतो आणि माणूस घाबरतो. करंट मात्र मिलिअँपिअरच्या काही दशांशांइतकाच असतो.

ओळखायची खूण अशी, की बोट घट्ट दाबून धरलं तर काही जाणवत नाही. तेच बोट पाठीकडून हलकेच फिरवलं, की कापडाच्या खडबडीत पोतासारखी थरथर लागते. कोॲक्सचा (मध्ये तार आणि भोवती धातूची जाळी, म्हणजे शील्ड, असलेल्या अँटेनाच्या केबलचा) कनेक्टर एका हातात आणि खिडकीची जाळी दुसऱ्या हातात आली तर चांगलाच चिमटा बसतो. अशा वेळी तीन पिनांचा, अर्थ असलेला सप्लाय वापरा.

मात्र मुंग्या फक्त पाठवताना येत असतील आणि टोचणं सुई भाजल्यासारखं, एका बिंदूपुरतं असेल, तर तो मेन्सचा प्रकार नाही. तो आरएफ, म्हणजे रेडिओच्या फ्रिक्वेन्सीचा करंट आहे, त्याचं उत्तर खाली चोकपाशी. आणि दोन्ही हातांना जोरदार झटका बसला असेल तर पुढचं वाचू नका, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

नळाचा पाइप, खिडकीचं ग्रिल, बाल्कनीचा कठडा, भिंतीतली सळई?

गॅसचा पाइप कधीही नाही. अग्निशमनाचा पाइपही नाही. या दोहोंवर चर्चा नको.

पाण्याचा पाइप पूर्वी चालायचा, कारण तो नळापासून जमिनीपर्यंत लोखंडी होता. आता नळाजवळचा हातभर भाग धातूचा आणि पुढे प्लॅस्टिक, असं सर्रास असतं. म्हणजे तुम्ही नळालाच अर्थ समजता, आणि पाठवताना शेजारच्या बाथरूममध्ये कुणी नळाला हात लावला तर त्याला तुमचा सिग्नल 'जाणवतो'.

ग्रिल आणि कठडा जमिनीला जोडलेले आहेत असं गृहीत धरू नका. पण काउंटरपॉइज म्हणून, म्हणजे अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणून, लांबलचक कठडा कधीकधी छान काम करतो. अट एवढीच, की पाठवताना त्याला कुणी टेकून उभं राहू नये, आणि तुकड्यांचे जोड गंजलेले नसावेत. गंजलेला जोड डायोडसारखा वागतो आणि नको त्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल पैदा करतो.

सळया तोडून-फोडून शोधायच्या नाहीत. काही इमारतींत स्तंभांतल्या सळया वीजरोधकाचा भाग म्हणून मुद्दाम जोडलेल्या असतात. तिथे हात घालायचा अधिकार आपला नाही.

जमीन नाही, नळ नाही, सॉकेट नाही. मग रेडिओच्या करंटने परत यायचं कुठून?

तारेवरून. या पानावरचं सगळ्यात कामाचं उत्तर हेच, म्हणून जरा सविस्तर.

अँटेनाला जमीन लागत नाही, तिला 'दुसरी बाजू' लागते. डायपोलला (मध्यावर केबल जोडलेल्या सरळ तारेच्या अँटेनाला) दोन बाजू मुळातच असतात, त्यामुळे त्याला जमिनीची गरज नाही. १४ मेगाहर्ट्झचा पूर्ण डायपोल १० मीटर लांब होतो, बाल्कनीत मावत नाही. पण २८ मेगाहर्ट्झचा ५ मीटरचा असतो, तो पुष्कळ बाल्कन्यांत तिरका किंवा टोकं खाली वळवून बसतो. खालच्या बँडसाठी मध्ये कॉइल घालून आखूड करता येतो. बँडविड्थ आणि कार्यक्षमता दोन्ही घटतात, पण चालतो.

बाल्कनीतून बाहेर काढलेली उभी काठी किंवा एकच तार असेल तर तिला चौथाई लांबीची निदान एक रेडियल, म्हणजे दुसऱ्या बाजूचं काम करणारी तार, द्या. मीटरमधली लांबी काढायला ७१.५ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ ला सुमारे १० मीटर, १४.२ ला ५, २१.२ ला ३.४ आणि २८.४ ला अडीच मीटर. भिंतीलगत ठेवलेली तार थोडी आखूड लागते, म्हणून आधी लांब कापून मग छाटत या. ही तार इन्सुलेशनची हवी. ती बाल्कनीच्या कडेने, खोलीच्या स्कर्टिंगलगत, पलंगाखालून, कशीही वळवा. मी माझी पडद्याच्या दांडीमागून नेली आहे, घरच्यांना आजवर दिसलेली नाही. प्रत्येक बँडला एक अशा तीन-चार रेडियल एकाच ठिकाणी जोडल्या तरी चालतं, ज्या बँडला जी लागू ती करंट घेते.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे रेडियलच्या मोकळ्या टोकाला व्होल्टेज सर्वात जास्त असतं. टोक उघडं ठेवू नका. टेप गुंडाळा, लहान मुलं आणि मांजरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा.

बाजारात 'कृत्रिम ग्राउंड' नावाचा डबा मिळतो. त्यात तारेला मालिकेत कॉइल आणि कपॅसिटर असतात. कुठल्याही लांबीची तार तो ट्यून करतो आणि रेडिओच्या डब्यापाशी व्होल्टेज किमान करतो. आरएफचा त्रास टेबलावरून उचलून तारेच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतो, इतकंच. पलंगाखालचं टोक अजूनही तापलेलं असतंच.

एका टोकाला फीड केलेली अर्ध्या तरंगलांबीची तार 'ग्राउंडशिवाय' चालते म्हणतात. खरं का?

निम्मं खरं. टोकाला तिचा इम्पीडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) दोन-तीन हजार ओहम असतो, म्हणून ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लावतात. करंट कमी, त्यामुळे परतीचा करंटही कमी. पण शून्य नाही. तो परतीचा करंट तुम्ही काउंटरपॉइज दिला नाही तर कोॲक्सच्या शील्डच्या बाहेरून येतो, म्हणजे तुमच्या टेबलापर्यंत. तरंगलांबीच्या विसाव्या भागाइतकी छोटी तार (१४ मेगाहर्ट्झला मीटरभर) ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड खुंटीला जोडा आणि कोॲक्सला चोक लावा. १०० वॅट सोडत असाल तर त्या टोकाला सुमारे ५०० व्होल्ट आरएफ असतं, म्हणून ट्रान्सफॉर्मर माणसांच्या हातापासून दूर टांगा.

मॅग्नेटिक लूपला अर्थ?

नको. लूप, म्हणजे कपॅसिटरने ट्यून होणारी कड्यासारखी अँटेना, स्वतःपुरतं पूर्ण असतं आणि फ्लॅटसाठी बहुतेक वेळा हाच शहाणा पर्याय आहे. त्याच्या कपॅसिटरवर १०० वॅटला काही हजार व्होल्ट चढतात आणि ते फार अरुंद बँडवर ट्यून होतं, हे सांभाळा. पाठवताना निदान दोन-तीन मीटर लांब बसा. बंद बाल्कनीत पाठीमागे लूप आणि मांडीवर मायक्रोफोन, असं बसू नका.

चोक म्हणजे काय आणि तो कुठे लावायचा?

कोॲक्सच्या आतून जाणारा सिग्नल जाऊ द्यायचा आणि शील्डच्या बाहेरून येणारा करंट अडवायचा, हे चोकचं काम. फ्लॅटमध्ये 'अर्थिंग सुधारा' असा सल्ला मिळतो तिथे दहातल्या आठ वेळा खरी गरज चोकची असते. (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे.)

करायला सोपा. साधारण ६१ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचा फेराइट टोरॉइड (चुंबकीय पदार्थाचं कडं) घ्या. त्यावर आरजी-५८ किंवा तितक्याच पातळ कोॲक्सचे १० ते १२ वेढे घाला. वेढे ओढून घट्ट करू नका. कोॲक्स फार वाकवला तर आतला पांढरा भाग हळूहळू सरकतो आणि मधली तार शील्डला टेकते. पहिले चार वेढे आरामात जातात, आठव्यानंतर भोकात बोट घालून कोॲक्स ओढावा लागतो आणि कनेक्टर आधीच लावलेला असेल तर तो अडकतो. म्हणून कनेक्टर नंतर लावा. वेढ्यांची दोन टोकं एकमेकांपासून दूर ठेवा, केबल टायने बांधा, झालं.

एक चोक अँटेनाच्या फीडपॉइंटला (कोॲक्स अँटेनाला जुळतो तिथे), दुसरा कोॲक्स खोलीत शिरतो तिथे. एकच जमणार असेल तर फीडपॉइंटला. अपवाद टोकाला फीड केलेल्या तारेचा. तिथे काउंटरपॉइज दिला नसेल तर कोॲक्सचा काही भागच काउंटरपॉइज होतो, म्हणून चोक ट्रान्सफॉर्मरपासून थोडा दूर लावतात. फेराइटशिवाय नुसती कोॲक्सची गुंडाळी हाही चोकच, पण तो एखाद्या बँडपुरताच धड चालतो.

चोकची गरज आहे का ते पाहायची घरगुती कसोटी अशी : कमी पॉवरवर कॅरियर (आवाजाविना नुसता सिग्नल) सोडा, एसडब्ल्यूआर मीटरकडे (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते दाखवणाऱ्या) पाहा आणि टेबलाजवळच्या कोॲक्सवरून (उघड्या धातूवरून नव्हे, वरच्या आवरणावरून) हात फिरवा. काटा हलला, तर शील्डवरून करंट वाहतोय.

मी फक्त ऐकतो, पाठवत नाही. मला अर्थिंग लागतं का?

सिग्नलसाठी जवळपास नाही. शांत रात्र आणि दूरचं स्टेशन, यात आड येतो तो गोंगाट, अर्थिंगचा अभाव नव्हे. रेडिओ बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच क्षणभर बंद करा. गोंगाट पडला तर तो तुमच्याच घरातला आहे. मग एकेक ब्रेकर चालू करत चोर शोधा. एलईडीचे स्वस्त दिवे आणि फोनचे चार्जर यांच्याकडे आधी बघा. गोंगाट तसाच राहिला तर तो शेजारचा.

तारेची अँटेना वापरत असाल तर मध्ये असा ट्रान्सफॉर्मर घाला, ज्याच्या दोन बाजूंत विद्युत जोडणी नाही. अँटेनाच्या बाजूला छोटी काउंटरपॉइज तार द्या, घराच्या वायरिंगचा अर्थ तिकडे जाऊ देऊ नका. फरक कानाला लगेच कळतो. फिरवता येणारं छोटं लूप असेल तर आणखी बरं, कारण त्याला दोन दिशांना बहिरेपणा असतो. ती बहिरी बाजू गोंगाटाकडे वळवायची.

विजेचं काय? बाल्कनीतल्या अँटेनावर वीज पडेल का?

इमारतीच्या भिंतीला चिकटून असलेल्या, छतापासून बऱ्याच खाली असलेल्या अँटेनावर थेट पडण्याची शक्यता फार कमी. आयईसी ६०७२८-११ हे टीव्ही वितरणाच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक यासाठी आकडेच देतं. छताच्या कडेपासून २ मीटरपेक्षा जास्त खाली आणि इमारतीपासून दीड मीटरपेक्षा कमी बाहेर असलेली अँटेना, तसंच घरातली अँटेना, विजेसाठी अर्थ करण्याच्या अटीतून सुटते. हे मानक हॅमसाठी लिहिलेलं नाही, पण बाल्कनीची दांडी किती बाहेर काढावी याचा अंदाज त्यावरून येतो. दीड मीटरच्या आत राहा.

वीजरोधकाच्या आयईसी ६२३०५ मानकात एक छान कल्पना आहे. इमारतीवरून एक मोठा गोळा लोळवतोय असं समजा. संरक्षणाच्या पातळीप्रमाणे त्याची त्रिज्या २०, ३०, ४५ किंवा ६० मीटर. गोळा जिथे टेकतो तिथे वीज पडू शकते, जिथे पोचत नाही तो भाग सुरक्षित. ६० मीटरपेक्षा उंच इमारतींत वरच्या भागाच्या बाजूंवरही वीज पडू शकते. तुम्ही अशा इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यांवर राहत असाल, तर वरची बेफिकिरी तुम्हाला लागू नाही.

थेट न पडता जवळपास पडलेली वीजही तारेत हजारो व्होल्टचा झटका आणू शकते. रिसीव्हरचं पुढचं टोक बहुधा यानेच जळतं. म्हणून ढग गडगडायला लागण्याआधीच कोॲक्स काढा आणि रेडिओपासून लांब ठेवा, शक्य असेल तर खिडकीबाहेर. प्लगही काढा. गडगडाट सुरू झाला असेल तर कोॲक्स काढायला जाऊ नका, जे व्हायचं ते रेडिओचं होऊ दे. कनेक्टर काचेच्या बरणीत ठेवण्याची जुनी रीत आहे. किलोमीटरभर हवा ओलांडून आलेल्या विजेला बरणीची काच थोपवणार नाही.

घरात आणलेल्या, जमिनीला न जोडलेल्या धातूच्या दांडीचा धोका नवा नाही. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिशमन या शास्त्रज्ञाने छतावरच्या दांडीची तार खोलीत आणून वादळातली वीज मोजायचा प्रयत्न केला. तार मोजमापासाठी जमिनीपासून अलग ठेवलेली होती. तिथेच विजेच्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला.

गच्चीवर अँटेना लावायची परवानगी मिळाली आहे. आता?

आता खेळ बदलला. गच्चीवरच्या डांबाला विजेचा अर्थ लागतोच आणि तो घरी बसून करायचा नाही. डांब आणि कोॲक्सचं शील्ड इमारतीच्या वीजरोधकाशी आणि मुख्य अर्थिंगशी जोडावं लागतं. मघाच्या मानकानुसार त्यासाठी निदान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते. कधीकधी उलट सल्लाही बरोबर असतो : वीजरोधकाच्या संरक्षणाखाली, पण त्याच्या तारांपासून हिशोबाने ठरवलेलं अंतर राखून डांब उभा करायचा, म्हणजे ठिणगी उडी मारणार नाही. कोणता मार्ग घ्यायचा ते इमारतीच्या वीजरोधकाचा नकाशा पाहून तज्ज्ञ सांगेल. नकाशाच मिळत नसेल, आणि हे बऱ्याचदा होतं, तर आधी वीजरोधक आहे का आणि त्याची तपासणी शेवटची कधी झाली एवढं तरी विचारा.

डांब वीजरोधकाच्या पट्टीला स्वतःच्या हाताने क्लॅम्प करून मोकळं होऊ नका. तसं केलं तर विजेचा वाटा तुमच्या कोॲक्सवरून थेट बैठकीच्या खोलीत येतो.

वाऱ्याने आणि पावसाच्या थेंबांनी मोकळ्या तारेवर स्थिर भार साचतो, आभाळ स्वच्छ असलं तरी. रिसीव्हरमध्ये तो टिकटिक, सरसर असा ऐकू येतो. मोठ्या रोधाची वाट किंवा जमिनीशी डीसी जोडणी असलेला बालून (अँटेना आणि कोॲक्स जुळवणारा ट्रान्सफॉर्मर) दिला की तो निचरून जातो. आणि कोॲक्स घरात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी तारेवरून चालत पॉवर सप्लायवर टपकतं.

खोलीत सर्ज अरेस्टर लावून भागेल का?

अरेस्टर, म्हणजे विजेच्या झटक्यापासून वाचवायला तारेवर बसवायचं साधन, करंट अडवत नाही, वळवतो. वळवायला जवळची, आखूड वाट नसेल तर तो शोभेचा. फ्लॅटमध्ये त्यातल्या त्यात चांगलं म्हणजे अँटेनाचा कोॲक्स, रेडिओचा मेन्स आणि इंटरनेटची केबल एकाच धातूच्या पाटीवरून आत घ्यायची, सगळ्यांचे अरेस्टर त्या पाटीवर बसवायचे आणि ती पाटी मेन्सच्या अर्थला जोडायची. झटका आला तर सगळं एकत्र वर जातं, उपकरणाच्या दोन टोकांत फरक पडत नाही. विमानातल्या माणसाला उंचीचा धक्का बसत नाही, तसं. बाहेरच्या धातूचा विषय वर सांगितलेल्या न्यूट्रल-अर्थच्या धोक्यासह इलेक्ट्रिशियनशी आधी बोला.

जोडणीसाठी गोल तार की पट्टी?

पट्टी. ७ मेगाहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या ०.०२५ मिलिमीटरमधूनच वाहतो, त्यामुळे आतलं जाड तांबं फुकट. रुंद पट्टीचं इंडक्टन्सही कमी. विणलेली जाळी टेबलावर ठीक, उघड्यावर नको. वेणीत पाणी शिरतं आणि ती हिरवी पडते.

मी पाठवायला लागलो की शेजारचा दिवा लुकलुकतो. अर्थिंग केलं की थांबेल का?

बहुधा नाही. तुमचा सिग्नल अगदी स्वच्छ असला तरी पाच मीटरवरच्या दिव्याची तार त्याला पकडतेच. आधी पॉवर कमी करून बघा. कमी पॉवरवर थांबलं तर अँटेना त्या भिंतीपासून लांब सरकवा, फीडपॉइंटला चोक लावा. मग त्यांच्या परवानगीने त्यांच्या दिव्याच्या किंवा स्पीकरच्या तारेवर फेराइट. माझ्याकडे शेजाऱ्यांच्या दाराची बेल वाजायची. बेलच्या तारेवर फेराइटला सहा वेढे दिले आणि बेल गप्प झाली. त्याआधी आठवडाभर ते काका दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघत होते, आणि मी आत बसून सीक्यू ('कुणी ऐकतंय का' अशी हाक) देत होतो.

घरातलं अर्थिंग ठीक आहे का, हे स्वतः कसं तपासू?

पूर्णपणे नाही तपासता येत. सॉकेटमध्ये घालायचा तीन दिव्यांचा टेस्टर अर्थ अजिबात नाही किंवा तारा उलट्या आहेत एवढं सांगतो. अर्थ किती चांगला आहे ते सांगत नाही. एखाद्या बारीक, अर्धवट तुटलेल्या तारेवरही त्याचा दिवा लागतो, कारण त्याला करंटच नगण्य लागतो. खरा हिशोब लूप इम्पीडन्सच्या (अर्थच्या पूर्ण वाटेचा अडथळा मोजणाऱ्या) मीटरने होतो, आणि तो इलेक्ट्रिशियनकडे असतो. तो आलाच आहे तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची (करंट गळला की पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) चाचणीही करून घ्या. टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. न पडणारा आरसीसीबी मी एकदाच पाहिला आहे, माझ्याच घरी, रेडिओच्या टेबलामागच्या बोर्डात.